एकच प्रत, अनेक वाटा

मंडळी, गांधीबागेत बोलायचं तर सुरुवात कापडापासूनच व्हायला हवी. सुरतेहून निघालेले गठ्ठे एका ट्रकमध्ये इथल्या ठोक बाजारात येतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे इथून फुटतात. प्रत्येक दुकानदारासाठी सुरतेहून वेगळा ट्रक कोणी लावत नाही. इंटरनेट मात्र बहुतेक वेळा नेमकं तेच करतं. हे व्याख्यान शंभर जण थेट पाहत असतील, तर शंभर वेगळे प्रवाह निघतात.

हे टाळण्याची मांडणी स्टॅनफर्डमध्ये स्टीव्ह डिअरिंग यांनी पीएचडीचे विद्यार्थी असताना केली. नाव मल्टिकास्ट. १९८९ च्या ऑगस्टमध्ये ती आरएफसी १११२ म्हणून प्रसिद्ध झाली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तिची गंमत वाटते ती अशी, की पाठवणाऱ्याकडे घेणाऱ्यांची यादीच नसते! तो २२४ ते २३९ ने सुरू होणाऱ्या एखाद्या गट-पत्त्यावर एक प्रत सोडतो. ज्याला हवी तो आपल्या राऊटरला सांगतो, तो पुढच्याला. वाट फुटते तिथेच दुसरी प्रत निघते. (कापडाची निघत नाही, आमची उपमा इथे संपली.)

एरवी राऊटर विचारतो, कुठे जायचंय? इथे तो आधी विचारतो, कुठून आलास? मूळ प्रेषकाकडे परत जाण्याची जी वाट त्याच्या तक्त्यात आहे, त्या दारातून पॅकेट आलं नाही तर ते गुपचूप टाकून देतो. नाहीतर प्रती गोल फिरत वाढतच जातील. सेटिंग करणाऱ्याची परीक्षा इथेच. शिवाय वाटेतल्या प्रत्येक राऊटरवर मल्टिकास्ट आणि त्याच्या प्रत्येक जोडणीवर पिम हा प्रोटोकॉल चालू करावा लागतो. मधला एक राहिला, की पुढचं सगळं गाव कोरडं.

१९९२ च्या मार्चमध्ये सान दिएगोतल्या बैठकीचा आवाज असा वीस ठिकाणी पोचला. १८ नोव्हेंबर १९९४ ला डॅलसच्या कॉटन बोलमधून (विदर्भाच्या माणसाचं लक्ष नावाकडे जाणारच) रोलिंग स्टोन्सची मैफल या जाळ्यावर गेली. तिच्याआधी त्याच जाळ्यावर दुसराच एक बँड बिनबोलावता वाजवून गेला! गट उघडा, मग अडवणार कोण?

त्याच महिन्यात मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार सुरू झाले; भाव उपग्रहावरून देशभरच्या दलालांकडे जाऊ लागले. आज तिथला क्षणाक्षणाचा भावप्रवाह मल्टिकास्टनेच जातो. पण ते जाळं बंदिस्त. कोण पाठवणार, कोण घेणार, पैसे कोण देणार, सगळं आधी ठरलेलं.

उघड्या इंटरनेटवर हे ठरलंच नाही. प्रत्येक गटाची आठवण राऊटरने ठेवायची, बिल कोणाला लावायचं ते कळेना. मधल्या कंपन्यांनी मल्टिकास्ट बहुधा बंदच ठेवलं. २००६ मध्ये, घेणाऱ्याने गटाबरोबर प्रेषकाचंही नाव सांगावं, असा नियम लिहिला गेला. बिनबोलावत्यांची सोय त्याने संपवली. शहाणपणाचंच झालं ते, तरी आम्हाला त्या उघड्या गटाची हळहळ वाटते. तोवर व्हिडिओवाल्यांनी आपले सर्व्हरच गावोगाव नेऊन ठेवायला घेतले होते.

आत्ता महालातल्या एखाद्या गल्लीत दोन घरी हे व्याख्यान लागलं असेल, तर तिथल्या एकाच तारेतून आमचं हे वाक्य दोनदा जातंय.