निरागसपणाचं कौतुक पुरे

अनिल अवचटांच्या बालसाहित्याचा विषय निघाला की एक मत ठरल्यासारखं मांडलं जातं : त्यांनी मनातलं मूल शेवटपर्यंत जपलं, म्हणून त्यांना मुलांसाठी लिहिता आलं. पुरावेही हाताशी असतात. ओतूरचं बालपण, मांडवीचा काठ, कपर्दिकेश्वराची श्रावणातली जत्रा. पुढे पुण्यातलं बासरी, लाकडातली शिल्पं आणि कागदाच्या घड्या यांनी भरलेलं घर. हे मत प्रेमापोटी आलेलं आहे, पण ते चुकीचं आहे आणि बालसाहित्याचं नुकसान करणारंही आहे.

आधी बालपणाचं पाहू. अवचटांचा जन्म 1944 चा, ओतूरचा. वडील डॉक्टर. त्याच घरात वाढलेले धाकटे भाऊ सुभाष चित्रकार झाले. तोच काठ आणि तीच जत्रा ओतूरच्या कित्येक पिढ्यांना मिळाली. माती सगळ्यांना सारखीच लाभते. माणूस पुढे स्वतःला कशाची सवय लावून घेतो, त्यावर लेखक घडणं अवलंबून असतं.

अवचटांनी कोणती सवय लावून घेतली? 1968 मध्ये पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले आणि दवाखाना थाटण्याऐवजी माणसं पाहत हिंडले. 1969 मध्ये बिहारमधल्या पूर्णिया भागावरचं ‘पूर्णिया’ हे पुस्तक आलं. निपाणीच्या तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायांवर त्यांनी लिहिलं, दलितांवरच्या अत्याचारांवर लिहिलं, गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं. 1986 मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. एवढं पाहिलेल्या माणसाला निरागस म्हणायचं, तर त्याने जे पाहिलं ते पुसून टाकावं लागतं.

त्यांच्या ओरिगामीला तर सर्रास बाळबोध विरंगुळा समजलं जातं. कधी करून पाहावं. कात्री नाही, डिंक नाही, हातात फक्त चौकोनी कागद. पहिली घडी केसभर सरकली तरी शेवटी पक्ष्याची चोच जुळत नाही. मग सगळं उलगडायचं, पुन्हा पहिल्यापासून घालायचं. हा संयमाचा रियाज आहे. त्यांच्या लिखाणातही तोच दिसतो : माहीत नाही ते विचारायचं, समोरच्याला बोलू द्यायचं, आपलं मत मागे ठेवायचं, जड शब्द टाळून छोटी वाक्यं लिहायची. साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार सुरू केला त्या पहिल्याच वर्षी, 2010 मध्ये, मराठीतून तो ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. ते पुस्तक मला त्यांच्या ‘माणसं’ या पुस्तकाच्या शेजारचंच वाटतं. मुलांसाठी म्हणून अवचटांनी वेगळा, लाडिक आवाज काढला नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘स्वतःविषयी’ या पुस्तकात त्यांनीच ओतूरबद्दल लिहिलं आहे, त्याचं काय? लिहिलं आहे, आणि ते वाचावंच. पण ते लिहिणारा प्रौढ माणूस आहे. इतरांच्या आयुष्याकडे ज्या नजरेने तो पाहतो, त्याच नजरेने तो स्वतःकडे पाहतो. आठवणी कच्चा माल होत्या. त्यांचं लेखन झालं ते या सवयीमुळे.

नुकसान कुठे होतं, तेही सांगायला हवं. निरागस असणं हीच बालसाहित्यिकाची पात्रता ठरली, की लिहिणारे गोड लिहू लागतात आणि मुलांना न पटणाऱ्या गोष्टी जन्माला येतात. ओतूर ज्यात येतं त्या जुन्नर तालुक्यातल्या मुलाला घरामागच्या उसात बिबट्या असल्याचं ठाऊक असतं. आईचा हात घट्ट धरून ते शाळेत जातं. त्याला गोष्टीतला बिबट्या दुष्ट किंवा विनोदी करून दिला, तर ते पुस्तक मिटून ठेवील. तो उसात का आला, मादी पिल्लं तिथे कशी वाढवते, हे ते आवडीने वाचील. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. घोडेगावच्या शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सांगायला कुणी लेखक हवा. त्यासाठी मनात मूल असून भागत नाही. उठून गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं लागतं.

27 जानेवारी 2022 ला अवचट गेले. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : त्यांच्या स्मृतिदिनी मुलांना निरागसतेवर भाषणं ऐकवू नका. त्यांना वही देऊन गावात पाठवा, एका माणसाशी तासभर बोलायला लावा आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून आणायला सांगा.