सराफ्यातील खजिनदार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याच्या चौकात उभे राहिले, म्हणजे टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक अशा भव्य इमारती नजरेत भरतात. त्या सर्वांहून जुना शिंद्यांचा गोरखी वाडा जवळच आहे आणि बाड्याला लागून सराफा बाजार आहे. १८५८ च्या जून महिन्यात याच सराफ्यात शिंदे सरकारच्या खजिनदाराला फाशी देण्यात आले. त्यांचे नाव अमरचंद बांठिया.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातील कितीतरी बँक-कारकून खतावण्या मिटून रणांगणावर गेले व तिकडेच पडले. अमरचंदांनी मात्र बंदूक कधी हाती घेतली नाही. मूळचे बिकानेरकडील हे ओसवाल जैन गृहस्थ. व्यापार आणि जमाखर्च हेच त्यांचे विश्व. शिंद्यांच्या ज्या खजिन्याशी त्यांचे नाव जोडले जाते, त्याला गंगाजळी म्हणत. राखीव शिलकेसाठी हा शब्द आपण मराठीत आजही वापरतो.

मे १८५८ मध्ये काल्पी पडली. राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे यांच्याजवळ माणसे होती, पण ना किल्ला, ना पैसा. त्यांनी ग्वाल्हेरवर चाल केली. १ जून रोजी जयाजीराव शिंदे मुरारजवळ सामन्यास उभे राहिले; परंतु त्यांचे बहुतेक सैन्य प्रतिपक्षास मिळाले आणि महाराजांना आग्र्याचा रस्ता धरावा लागला. राजा गेला, फौज फिरली. उरला खजिना, आणि त्याचे दार अमरचंदांनी उघडले.

त्या दाराचे मोल सैनिकालाच ठाऊक. पगार थकलेली फौज घोषणांवर फार दिवस लढत नाही. खजिना हाती येताच शिपायांना वेतन मिळाले, वर बक्षीसही मिळाले. पुढे फुलबागेत दरबार भरला, मेजवान्या झडल्या आणि मोलाचे दिवस वाया गेले. तो दोष खजिनदाराच्या माथी मारता येणार नाही.

इंग्रज इतिहासकार मॅलेसन यांनी खजिना बंडवाल्यांच्या स्वाधीन करणारा म्हणूनच त्यांची नोंद केली आहे. धन्याच्या बाजूने पाहिले तर तो विश्वासघात ठरतो, हेही नाकारू नये. तथापि ज्या फौजेने धन्याला रणात सोडले, तिच्यापुढे एकट्या खजिनदाराने किल्ल्या कमरेला लावून बसावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे. शिवाय ग्वाल्हेरच्या लोकस्मृतीत अमरचंदांनी भयाने नव्हे, स्वखुशीने दार उघडले, राणीच्या कार्यासाठी.

जूनच्या मध्यास सर ह्यू रोज यांची फौज येऊन थडकली. कोटा-की-सरायच्या लढाईत राणी पडल्या. १९ जूनला शहर आणि दुसऱ्या दिवशी किल्लाही इंग्रजांनी घेतला. जयाजीराव परतले, पण किल्ला १८८६ पर्यंत इंग्रजांनी त्यांना परत दिला नाही.

अमरचंदांच्या फाशीचा दिवस २२ जून मानला जातो. सराफ्यातील एका कडुनिंबाला त्यांना टांगले, असे परंपरा सांगते. ज्या पेढीवाल्यांत त्यांची ऊठबस होती, त्यांच्याच दुकानांसमोर ही जागा निवडली गेली. पुन्हा अशा कामी कोणी थैली मोकळी करू नये, एवढा त्यातील इशारा त्या बाजाराला निश्चित कळला असेल.