मालधक्क्यावर आज तुमची पाळी

आधी हातातला कंट्रोलर खाली ठेवा. इंजिन आहे तिथंच उभं राहू द्या, कोणी पळवून नेत नाही. तुमचा लेआउट सुरेख आहे. रूळ लखलखीत, डब्यांवर गंजाची छटा, धक्क्यावर इवली इवली पोती. पण मघाशी एक डबा चुकीच्या रुळावर गेला आणि तुम्ही वरून हात घालून तो उचललात, अलगद पलीकडच्या रुळावर ठेवलात. आणि वर विचारता, शंटिंग खरं का वाटत नाही?

चला माझ्याबरोबर. शाल घ्या. नाकातोंडाला बांधायला उपरणं घ्या, ते विसरू नका. पायात बूट घाला, खडी धारदार आहे.

हे नंदुरबार. ताप्ती व्हॅली रेल्वेनं 1900 साली सुरतेहून अमळनेरपर्यंत नेलेल्या लाइनीवरचं स्टेशन. आपण त्यानंतर पन्नासएक वर्षांनी उतरलो आहोत. गाव अजून पश्चिम खानदेशात आहे, नंदुरबार नावाचा जिल्हा व्हायला 1998 उजाडायचं आहे. ते राहू द्या, आधी शिंकून घ्या. पहिली शिंक आली ना? आता दुसरी येईल. पौषातली पहाट आहे, मिरचीचा हंगाम भरात आहे. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलीय आणि मालधक्क्यावर तिच्या पोत्यांची थप्पी लागलीय. पोतं आपटलं की धूळ उडते, ती आधी नाकात जाते, मग डोळ्यांत, मग मानेच्या घामात. हमालांनी तोंडाला फडकी गुंडाळली आहेत, फक्त डोळे दिसतात, तेही लाल. उपरणं बांधा म्हटलं होतं ते यासाठी.

उजवीकडे वळा. निळा सदरा, कानटोपी, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या, तो शंटिंग जमादार. आज तुम्ही त्याचे मदतनीस. त्यानं तुमच्याकडे, मग तुमच्या पायांकडे बघितलं. तुम्ही रुळाच्या मधोमध उभे आहात.

“आठे उभा ऱ्हाऊ नको, भो.”

एवढंच बोलला. बाजूला व्हा, लगेच.

आता सुरतेकडून मालगाडी येतेय. आधी पायांखाली थरथर जाणवेल, मग शिट्टी, मग धूर. वाटेतल्या स्टेशनांवर एखाददुसरा डबा सोडत, एखाददुसरा उचलत जाणारी ही गाडी. नवापूर, खांडबारा करत आलीय, पुढे दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाईल. इंजिन जवळून गेलं की अंगाच्या एका बाजूला भट्टीची धग लागते आणि दुसरी बाजू थंडीनं काकडतेच. गरम तेलाचा, ओल्या वाफेचा आणि कोळशाचा मिळून एक वास येतो. तुमच्या टेबलावर धुराचं यंत्र बसवलंय ना, त्याला हा वास नाही.

गाडी लूपलाइनीवर थांबली. जमादारानं बाबूकडून कागद घेतला आणि काम सांगितलं. नीट ऐका, तो दुसऱ्यांदा सांगणार नाही. इंजिनामागं पहिला डबा मिठाचा, दुसरा रिकामा. दोन्ही नंदुरबारला सोडायचे. मालधक्क्याच्या रुळावर तीन डबे उभे आहेत. सांध्याकडून पहिला कापसाच्या गाठींचा, तो अर्धाच भरलाय, तो राहणार. त्याच्या मागं दोन डबे मिरचीचे, भरून, दार लावून, सील ठोकून तयार, ते न्यायचे. म्हणजे हवे ते आत अडकलेत आणि नको तो वाटेत उभा आहे. धक्क्याचा रूळ पलीकडून बंद. शिरायचं ते याच तोंडानं आणि निघायचंही याच.

टेबलावर तुम्ही इथं लगेच बटणाला हात घातला असता. जमादारानं कानामागची विडी काढली, पेटवली, एकदा डब्यांकडे आणि एकदा इंजिनाकडे पाहिलं. सगळी मांडणी त्या दोन झुरक्यांत झाली. इंजिन जितक्या वेळा उलटसुलट जाईल तितका कोळसा जातो, तितकं पाणी जातं, तितकी माणसं रुळांमध्ये शिरतात. म्हणून कमीत कमी हालचालीत काम उरकणारा जमादार मोठा. असली कोडी पुढे हौशी लोकांनी टेबलावर मांडली. ब्रिटनच्या ॲलन राइट यांचं कोडं तर प्रसिद्धच आहे. तीन रूळ, एकावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. आठ डब्यांतून पाच डब्यांची गाडी ठरल्या क्रमानं लावायची. क्रम 6720 होऊ शकतात. कोडं उत्तम आहे, जरूर खेळा. पण त्यातल्या डब्यांत माणसं नसतात.

इथं असतात. म्हणून इंजिन हलण्याआधी जमादार धक्क्यावर गेला आणि कापसाच्या डब्यावर मूठ आपटली.

“डबामा कोनी शे का? बाहेर निंघा रे!”

आतून दोन हमाल उतरले, एक डोळे चोळत. गाठींच्या आड तो झोपला होता. डबा आणि धक्का यांमधली फळी काढली, दार ओढून घेतलं. आता तुम्ही वाका आणि डब्याखाली बघा. हो, पूर्ण वाका. खाली कुत्रं, पोर, जळणाला कोळसा वेचणारी बाई, कोणी नाही ना? मग चाकाखालचा लाकडी गुटका काढा. मग पुढच्या डब्याचा. हातब्रेकचा दांडा उचला. लोखंड इतकं गार आहे की तळहात चिकटल्यासारखा वाटतो. टेबलावर डबा पाच सेकंदांत हलतो. इथं तो हलण्याआधीच पंधरा मिनिटं गेली, आणि काम तर तेव्हापासूनच सुरू आहे.

आता झेंडी घ्या. हिरवी झेंडी सावकाश खाली-वर केली की इंजिनानं तुमच्यापासून लांब जायचं. अंगासमोरून डावी-उजवीकडे हलवली की तुमच्याकडे यायचं. लाल दिसली की जिथल्या तिथं थांबायचं. इंजिन मीठ आणि रिकामा घेऊन सुटलं, सांध्याच्या पुढं गेलं, थांबलं. सांधेवाल्यानं लिव्हरवर अंगाचा भार टाकला. खट्. रुळाची पाती सरकली, पण तो लगेच हात दाखवत नाही. खाली वाकून पातं पक्कं चिकटलंय का ते पाहतो, मधे खडा अडकलेला नाही ना बघतो, मगच हात वर करतो. तुम्ही आता धक्क्याच्या रुळाशी आहात. हलवा झेंडी, डावी-उजवीकडे.

आणि आता पोटात गोळा येईल. इंजिन तुमच्याकडे येतंय, पण तुम्हाला इंजिन दिसत नाही, दिसतो तो रिकाम्या डब्याचा मागचा फळा, मोठा होत जाणारा. ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही. मधे दोन डबे आणि वाफेचा ढग आहे. तो बघतो वाटेत उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे, आणि तो माणूस बघतो तुमच्याकडे. तुमच्या हाताची खूण त्याच्या हातातून ड्रायव्हरच्या हातात पोचते. टेबलाशी तुम्ही वरून सगळं एकदम बघता. इथं प्रत्येकाला तुकडाच दिसतो, आणि उरलेल्यासाठी दुसऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. माझ्या मते शंटिंगचा सगळा जीव यात आहे.

जमादारानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन जवळ आणले. सावकाश, जोडणीसाठी. अजून सावकाश. बफर बफराला लागले. धडाम्, आणि तो आवाज कापसाच्या डब्यातून मिरचीच्या डब्यांत पळत गेला. धक्क्यावरची कबुतरं उडाली. तुमचे दात वाजले का? वाजायचेच. भरलेला डबा बत्तीसएक टनांचा. तुमचा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या 87 व्या हिश्शाचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 87 पटींनी आकसल्या की वजन साडेसहा लाख पटींनी आकसतं आणि हा डबा होतो जेमतेम 50 ग्रॅमचा. म्हणून तुमचे डबे चटकन सुटतात, चटकन थांबतात आणि खोटे वाटतात. रंग अजून कितीही मळवा, उपयोग नाही. कंट्रोलर इतका हळू फिरवा की बघणाऱ्याला कंटाळा यावा. बफर टेकण्याआधी हातभर अंतरावर इंजिन पूर्ण थांबवा, एक श्वास घ्या, मग टेकवा.

सगळं निश्चल झाल्यावर जमादार बफरखालून वाकून मधे शिरला. साखळी उचलून आकड्यात टाकली, स्क्रू फिरवून घट्ट केली, आणि बाहेर येऊन दोन्ही हात उघडे करून दाखवले, मी बाहेर आहे म्हणून. तोवर ड्रायव्हरनं रेग्युलेटरला बोट लावलं नाही. हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय म्हणून नव्हे. गेल्या पिढीत कुणाचा तरी हात इथं गेलेला असतो, आणि यार्डातल्या प्रत्येकाला कुणाचा ते ठाऊक असतं.

पुढचं भराभर होईल. पाचही डबे बाहेर ओढले. सांधा बदलला. मागं येऊन मिरचीचा शेवटचा डबा लूपवरच्या गाडीला जोडला. कापूस आणि मिरची यांच्यामधली साखळी सोडली. आता इंजिनाजवळ उरले मीठ, रिकामा आणि कापूस. पुन्हा बाहेर, पुन्हा सांधा, पुन्हा धक्क्याच्या रुळावर आत. कापसाचा डबा होता तिथं आणायचा, फळी दारासमोर बसली पाहिजे. हातभर पुढं गेला तर हमाल ओरडतील, आणि त्यांचं बरोबर आहे, गाठ त्यांच्या पाठीवर असते.

केबिनमधून लाल झेंडी दिसली. दोंडाईच्याकडून पॅसेंजरला लाइन क्लिअर दिलाय. एकेरी लाइन आहे, त्या तोंडाला आता काहीही हलायचं नाही. धावत जाऊन इंजिनाच्या पुढच्या टोकाशी बघा. दोन रुळांच्या बेचक्यात पांढरा दगड दिसतो? ते फाउलिंग मार्क. इंजिन त्याच्या आत आहे ना? वीतभर जरी बाहेर असेल तर जाणारी गाडी त्याला घासेल. आत आहे. सांगा हात वर करून.

आणि आता थांबा.

हे थांबणं टेबलावर कोणी करत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. यार्डातल्या दिवसाचा मोठा भाग असा गेलेला आहे. फायरमननं फावडं पुसून निखाऱ्याशी धरलं, त्यावर भाकरी गरम केली. कळण्याची भाकरी, कांदा, ठेचा. घ्या, लाजू नका. ठेचा बेतानं. चहा काचेच्या ग्लासात, गुळाचा, त्यावर मिरचीच्या धुळीचे दोन कण तरंगताहेत. जमादार विचारतो, तुमच्या गावी पाऊसपाणी कसं आहे. ड्रायव्हर मेव्हण्याच्या लग्नाला रजा मिळेल का म्हणून गार्डाला छळतो. ऊन डब्यांच्या पत्र्यावर चढलं, पहाटेची शाल आता नकोशी झालीय.

पॅसेंजर आली आणि फलाट उसळला. मोळ्या, गाठोडी, टोपलीतल्या कोंबड्या, पाठीला पोर बांधलेल्या भिल्ल बायका, गुजरातीत हिशेब करणारे व्यापारी, अहिराणीत हाका मारणारी म्हातारी. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दारातून माणसं जातात, खिडकीतून सामान. तेवढ्यात वारा धक्क्याकडून फलाटाकडे फिरला आणि अख्खी गाडी शिंकली, इंजिनापासून गार्डापर्यंत. कोणाला काही वाटलं नाही. गाडी सुरतेकडे निघून गेली.

लाल उतरली. कापूस जागेवर, गुटके चाकांखाली, हातब्रेक खाली, फळी दाराला. साखळी सोडून मोकळं इंजिन बाहेर आलं, सांधा फिरला, ते लूपवर मागं येऊन मिरचीच्या पहिल्या डब्याला टेकलं. या वेळी बफर वाजलेच नाहीत. जमादारानं पहिल्यांदा ड्रायव्हरकडे बघून मान हलवली.

डब्यांचे नंबर लिहून घेणारा बाबू कागदावर बोटं ठेवत गाडीच्या कडेनं चाललाय. त्याच्या मागं मागं चला, लेबलं वाचा. पहिले दोन मिरचीचे, जळगावच्या पुढचे. तिसरा दोंडाईच्याला सोडायचा. गार्डानं ते वाचलं आणि जमादाराकडे पाहिलं. जमादार म्हणाला, “मंग?” आणि विडी शोधायला लागला. दोंडाईच्याचा डबा मिरचीच्या दोन डब्यांमागं अडकलाय. ते दोन्ही घेऊनच बाहेर निघावं लागेल, तिसरा आत ढकलून हे दोघं पुन्हा गाडीला लावावे लागतील. पण तिथल्या रुळावर आधीच कोणी उभं असेल तर? त्याचं तोंड कोणत्या बाजूला उघडतं? तुम्ही खडीवर उकिडवे बसलात, आणि कोळशाच्या तुकड्यानं स्लीपरवर तीन रेघा ओढून डबे मांडायला सुरुवातही केलीत.