वासा, उंबरठा आणि महोगनी : महाड परिसरातील गृहकाष्ठाचा एक शब्दैतिहासिक विचार

घराचा इतिहास सामान्यतः दगडविटांच्या अवशेषांवरून लिहिला जातो. लाकूड कुजते, जळते, किंवा पुनःपुन्हा वापरले जाऊन मूळ स्थानापासून दूर जाते. त्यामुळे इतिहासलेखकाच्या हाती ते क्वचितच लागते. परंतु लाकूड नाहीसे झाले तरी त्याचे नाव बहुधा भाषेत उरते. या दृष्टीने महाड तालुक्यातील वीर व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील गृहकाष्ठाचा विचार करावा, आणि त्या पार्श्वभूमीवर अलीकडे घराघरांत पोचलेल्या 'महोगनी' या शब्दाची व वस्तूची जागा निश्चित करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वीर, दासगाव व महाड ही सावित्रीच्या खोऱ्यातील गावे. रेल्वे वीरपर्यंत पोचली ती 1993 साली. तत्पूर्वी कित्येक शतके या भागातील अवजड मालाची वाट प्रामुख्याने खाडीची होती. महाड व दासगाव ही बंदरे बाणकोटच्या मुखाने समुद्राशी जोडलेली होती. येथील पाऊस वर्षाकाठी साधारणतः तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. ज्या प्रदेशात भिंत चार महिने ओली व आठ महिने कोरडी राहते, तेथे घरातील लाकूड व घराबाहेरील लाकूड हा भेद हौसेचा नसून घराच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

हा भेद घराच्या रचनेतच दिसतो. छपराची पाखी भिंतीच्या पुष्कळ बाहेर काढावयाची, पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात अशी व्यवस्था करावयाची, खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावयाचा, ही सारी योजना लाकूड पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी आहे. पडवी ही आतबाहेरच्या सीमेवरील जागा. तेथील खांबाला पावसाचा मारा सोसावा लागतो. माजघरातील तुळईला व माळ्याच्या कड्यांना भार पेलावयाचा असतो. देव्हारा, पाट व झोपाळा यांना हाताचा स्पर्श आणि डोळ्यांची पसंती हवी असते. साग सर्वत्र चाले. तथापि तो सर्वांना परवडत नसे. म्हणून छपराला ऐन व किंजळ, दारांना व पेट्यांना फणस, मुसळासारख्या घाव सोसणाऱ्या वस्तूंना खैर, आणि पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या जागी जांभूळ, अशी कामाची वाटणी कोकणात झालेली आढळते. लाकडाची प्रतिष्ठा अशी एकेरी नव्हती; ती स्थानपरत्वे ठरत असे.

आता शब्दांकडे वळू. 'साग' हा संस्कृत 'शाक' शब्दाचा वंशज, 'शिसव' हा 'शिंशपे'चा, 'फणस' हा 'पनसा'चा आणि 'खैर' हा 'खदिरा'चा. या नावांची परंपरा अखंड आहे, याचा अर्थ त्या वृक्षांचा वापरही अखंड आहे. घराच्या अवयवांची नावे याहून बोलकी आहेत. 'तुळई' ही 'तुला' म्हणजे तुळवट होय. 'वासा' हा शब्द 'वंश' म्हणजे वेळू यापासून आला. आज वासा सागाचा असो वा ऐनाचा, त्याच्या नावात आरंभीचे बांबूचे छप्पर जिवंत आहे. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' ही म्हण वापरणारा नकळत त्या वेळूच्या घराची आठवण जागवतो. 'उंबरा' वा 'उंबरठा' या शब्दाचे नाते 'उदुंबर' या वृक्षनामाशी लावले जाते. तेवढ्यावरून प्रत्येक उंबरठा उंबराच्या लाकडाचा होता असे अनुमान काढणे मात्र धाडसाचे ठरेल. शब्द पुरावा देतो, परंतु साक्षीदाराप्रमाणे त्याचीही उलटतपासणी करावी लागते.

परकीय संपर्काचा थरही स्पष्ट आहे. दाराची 'बिजागरी' पोर्तुगीजांकडून आली, 'रंधा' फारसीतून, 'खुर्ची' अरबी-फारसी मार्गाने. याउलट 'करवत' हा 'करपत्रा'चा आणि 'सुतार' हा 'सूत्रधारा'चा अवतार होय. लाकूड, कारागीर व छप्पर देशी; धातूची जोडणी व बसण्याची तऱ्हा काही अंशी परकी, असा या शब्दसंग्रहाचा सारांश निघतो.

याच तालुक्यातील रायगड हा लाकडाच्या इतिहासाचा दुसरा, शोकात्म पुरावा आहे. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली व वाड्यांचे काष्ठकाम भस्मसात झाले. आज जोती, पायऱ्या व भिंतींचे भाग दिसतात. त्यांवर उभे असलेले खांब, तुळया व छपरे केवळ कल्पनेने उभी करावी लागतात.

येथेच रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चा उल्लेख आवश्यक आहे. आरमारासाठी सागवानादि वृक्ष परवानगीने तोडावेत, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावेत. आंबा, फणस हीही आरमारास उपयोगी लाकडे होत, तथापि त्यांना हात लावू देऊ नये. कारण ती एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच तर धन्यास राजी करून व मोल देऊन न्यावे, असा त्यातील आशय आहे. हा मजकूर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून वारंवार सांगितला जातो. वस्तुतः हा ग्रंथ इ. स. 1715 च्या सुमाराचा, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिलेला आहे. त्यात शिवकालीन राजनीतीचे प्रतिबिंब पडले आहे असे म्हणणे सयुक्तिक होईल. परंतु शब्द अमात्यांचे आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील रानचे झाड व परसातील झाड हा भेद मोलाचा आहे. फणसाचे दार घडविणारा कुळवाडी आजोबाचे झाड नातवाच्या घरात आणीत असे.

या सर्व परंपरेत महोगनीला स्थान नव्हते. तिचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात व वेस्ट इंडीज बेटांत. हा शब्द इंग्रजीत 1671 साली प्रथम छापलेला आढळतो; त्याची व्युत्पत्ती विवाद्य आहे. 1721 च्या कायद्याने वसाहतींतील लाकडावरील जकात उठली, आणि इंग्लंडातील श्रीमंतांच्या घरांत अक्रोडाची जागा महोगनीने घेतली. ज्या गुलामांच्या श्रमाने ती जमैकासारख्या बेटांवर तोडली गेली, त्यांचा मागमूस त्या चकाकणाऱ्या मेजांवर उरला नाही. भारतात तिची रोपे 1795 मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आली. तिच्या वंशाला 'स्वीटेनिया' हे नाव व्हॅन स्वीटेन या वैद्याच्या सन्मानार्थ मिळाले. कुलाने ती आपल्या कडुनिंबाची व तुणाची आप्त आहे.

आज 'महोगनी' हा शब्द मराठीत तीन अर्थांनी वावरतो : एक वृक्ष, एक लाकूड आणि एक तांबूस रंगाचे पॉलिश. दुकानदार ज्यास महोगनी म्हणतो ते पुष्कळदा इतर लाकडावर चढविलेला रंग असतो. गंमत अशी की आपला फणस वय झाल्यावर स्वतःच त्या रंगाकडे झुकतो.

वस्तुगुणांचा विचार करता महोगनी कमी आकसते, कमी वाकते व रंध्याला वश होते. म्हणून कपाटे, दारांच्या आतील झडपा, जिन्याचे कठडे यांस ती उत्तम. परंतु सागाच्या अंगी असलेले तेल तिच्या अंगी नाही. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडात गाभ्यापेक्षा कच्च्या बाह्यकाष्ठाचे प्रमाण अधिक असते, आणि त्यास वाळवी व बुरशी लवकर लागते. यास्तव सावित्रीच्या खोऱ्यातील पावसात उघड्या फाटकास वा जमिनीत पुरलेल्या खांबास तिची योजना करणे इष्ट नव्हे. लागवड करणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की शेंडा पोखरणारी अळी कोवळ्या झाडास दुफळी आणते आणि सरळ सोट मिळेनासा होतो. हीच अळी तुणासही छळते.

सारांश, या प्रदेशाने लाकडाची निवड नावलौकिकावरून नव्हे, तर घरातील स्थानावरून केली. हा नियम पाळला तर महोगनीस माजघरात खुशाल जागा द्यावी. पडवीच्या बाहेर मात्र जुन्या मंडळींनाच उभे राहू द्यावे. वेळूचे छप्पर गेले तरी 'वासा' राहिला. महोगनीचा असा एखादा शब्द आपल्या घराच्या अवयवांत रुजतो की ती केवळ रंगाचे नाव होऊन राहते, यावरून पुढील अभ्यासकास आमच्या काळातील घरांची खरी परीक्षा करता येईल.