शिकवणी शोधताना

आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळात दिवाळीचा कार्यक्रम आटोपला की फराळाच्या रांगेत तीन विषय हमखास निघत: घरांच्या किमती, पुढच्या नाटकात कोण काम करणार, आणि "फिजिक्सला कोणी शिकवणारं माहीत आहे का हो?" १९९३ च्या दिवाळीत हा तिसरा प्रश्न मी विचारला. समोरच्या गृहस्थांनी असं काही पाहिलं की चकली घशातच अडकली. "अहो, तुम्ही स्वतः इंजिनिअर ना?"

होतो. पंचाईत तीच होती.

मुलगी अकरावीत होती. फिजिक्सच्या टेस्टमध्ये तिला शंभरात ४७ मिळाले होते आणि तो कागद दप्तरात नव्हे, गादीखाली सापडला. "दाखवला का नाहीस?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही 'एवढं साधं!' म्हणाला असता." दोन महिने डायनिंग टेबलावर मी तिला उतरणीवरचा ठोकळा शिकवत होतो आणि दर चौथ्या वाक्याला माझ्या तोंडून हेच दोन शब्द निघत होते. पुढे पुढे तिने वही माझ्यासमोर उघडणंच सोडलं. घरात बोलणं कमी झालं. मला काळजी गुणांची कमी आणि त्या बंद वहीची जास्त वाटत होती.

शिकवणीचा इतिहास वाचण्याचा नाद निवृत्तीनंतर लागला, त्याचं मूळ या प्रसंगात आहे.

आपल्याकडे शिकवणी हा गरीब विद्यार्थ्याचा पोट भरण्याचा मार्ग होता. धोंडो केशव कर्वे १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले आणि पुढची काही वर्षं त्यांनी मुलींच्या शाळांत गणिताचे तास आणि जोडीला खासगी शिकवण्या करून संसार चालवला. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा हवा होता, गोखल्यांनी कर्व्यांना बोलावलं, आणि १८९१ मध्ये मुंबईचा हा शिकवण्या करणारा मास्तर पुण्यात प्रोफेसर झाला. टिळकांनीही लॉ क्लास चालवून चरितार्थाची सोय पाहिलीच. म्हणजे आपले थोर लोक शिकवणीला कमी लेखत नव्हते. कमी लेखायचे ते विद्यार्थ्याचे आईबाप. माझ्या लहानपणी शिकवणी लावणं म्हणजे मुलगा 'ढ' असल्याची जाहीर कबुली. क्लासला जाणं हुशारीचं लक्षण ठरलं ते फार नंतर, इंजिनिअरिंग-मेडिकलची चढाओढ लागल्यावर.

अमेरिकेतली गोष्ट फार निराळी नाही. स्टॅन्ली कॅप्लान नावाच्या ब्रुकलिनच्या तरुणाने १९३८ साली आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या. त्याला डॉक्टर व्हायचं होतं, मेडिकल स्कूलांनी प्रवेश नाकारला. १९४६ मध्ये त्याने पहिल्यांदा एका मुलीची एसएटीची तयारी करून घेतली. या परीक्षेसाठी शिकवणीचा उपयोग होत नाही, असं परीक्षा घेणारे वर्षानुवर्षं सांगत. १९७९ मध्ये सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने तपास करून गुण थोडेफार वाढतात असं मान्य केलं. १९८४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट कंपनीने तो धंदा विकत घेतला. तळघरातून शेअर बाजारात! असो.

फिजिक्सचं दुखणं वेगळं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि पुढच्याच वर्षी विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी पैसा ओतणारा कायदा झाला. एमआयटीच्या जेरॉल्ड झकारायस यांची समिती त्याआधीच, १९५६ पासून, शाळेसाठी नवं फिजिक्स लिहीत होती. ते पुस्तक १९६० मध्ये निघालं. पुस्तक आलं, शिक्षक कुठून येणार? फिजिक्सची पदवी असलेल्याला कारखाने आणि प्रयोगशाळा जास्त पगार देत. त्यामुळे हायस्कूलात फिजिक्स शिकवणाऱ्या अनेकांचा मूळ विषय दुसराच असे. शिवाय आपल्याकडे हा विषय वर्षानुवर्षं थोडा थोडा अंगात मुरतो. इथे बहुतेक शाळांत बायॉलॉजी एक वर्ष, केमिस्ट्री एक वर्ष, आणि सरतेशेवटी फिजिक्स एक वर्ष. सारं एकदम अंगावर येतं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आमच्यासारखे हजारो इंजिनिअर या देशात आणले. त्यांच्या पोरांना फिजिक्स अडावं आणि बापांनी फराळाच्या रांगेत मास्तर शोधावा, यात गंमत आहे खरी. मला ती तेव्हा वाटत नव्हती.

शोध महिनाभर चालला. शाळेकडून एक यादी मिळाली, तिच्यातल्या दोघांनी फोन उचलला नाही. एका शिक्षकांचा तासाचा दर ऐकून मी "विचार करून कळवतो" म्हणालो. मंडळातले एक हुशार काका आनंदाने आले आणि दीड तास आयआयटीच्या आठवणी सांगून गेले.

अखेर बायकोने शोध लावला. नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने आल्या होत्या. चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेलं. व्हिजिटर व्हिसावर पैसे घेता येत नव्हते, आणि त्यांनी घेतलेही नसते. थंडीत कुठे जायची सोय नाही, म्हणून आम्ही त्यांना ग्रोसरीला आणि लायब्ररीत नेत असू. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही वर जाऊन बसा."

मी जिन्यावर बसलो. मांडीवर नातवंडाला घेऊन बाईंनी पोळपाट मागवला, त्याच्या एका बाजूखाली डिक्शनरी सरकवली आणि वर खोडरबर ठेवलं. मुलगी नेहमी साइन आणि कोसाइनची अदलाबदल करायची. मी तिला पाठ करायला लावलं होतं. बाई म्हणाल्या, "काढ ती डिक्शनरी. पोळपाट आडवा. आता खोडरबर घसरेल?"

"नाही."

"म्हणजे घसरवणारा जोर शून्य. कोन किती?"

"झीरो."

"मग झीरोचा झीरो कोण देतं, साइन की कोसाइन?"

बराच वेळ शांतता. मी जिन्यावर ओठ दाबून बसलेला. मग तिचं हसू ऐकू आलं. "ओ! साइन!" चूक केली की बाई एवढंच विचारत, "कुठपर्यंत बरोबर होतं?"

हे आठवायचं कारण डॉ. जयंत नारळीकर. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा 'चार नगरांतले माझे विश्व' हे त्यांचं आत्मचरित्र पुन्हा काढलं. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. पण घरातल्या फळ्यावर जयंतसाठी खास आव्हान म्हणून गणित लिहून ठेवायचे ते त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार. सुटेपर्यंत ते गणित तिथेच राही. साक्षात गणिताच्या प्राध्यापकाच्या घरातही ही जागा मामाने भरून काढली होती, हे वाचून मला केवढा दिलासा मिळाला!

जपानात तोरू कुमोन या गणित-शिक्षकाने १९५४ मध्ये मुलासाठी सुट्या कागदांवर उदाहरणं लिहून द्यायला सुरुवात केली. बापाने शिकवलं ते असं, कागदाआडून. २००४ मध्ये बॉस्टनच्या सलमान खान यांनी न्यू ऑर्लीन्समधल्या आपल्या नात्यातल्या शाळकरी बहिणीला फोनवर गणित शिकवायला घेतलं. ती एककांच्या रूपांतरात अडली होती. २००६ पासून ते धडे यूट्यूबवर गेले, आणि घरच्या मुलांनी त्यांना सांगितलं की तुझ्यापेक्षा व्हिडिओतला तूच बरा! व्हिडिओ कितीही वेळा मागे नेला तरी तो सुस्कारा टाकत नाही. माझ्या मुलीला हे ऐकवलं तेव्हा ती नको इतकी हसली.

बाई एप्रिलमध्ये नागपूरला परतल्या. शेवटच्या परीक्षेत मुलीला ८१ मिळाले, तो कागद तिने फ्रिजवर लावला आणि एक प्रत एअरमेलने नागपूरला धाडली. उत्तरात बाईंनी न मिळालेल्या १९ गुणांचं काय झालं, एवढंच विचारलं होतं.

आता मी दर शनिवारी लायब्ररीत शेजारपाजारच्या तीन मुलांना गणित शिकवतो. नातू आठवीत आहे. त्याला मात्र एक कॉलेजची विद्यार्थिनी शिकवायला येते. "बाबा, जगाला शिकवा," मुलीने बजावलं आहे, "पण याला नाही." ती मुलगी आली की मी गुपचूप जिन्यावर जाऊन बसतो.