परतीचे कलम : बॅकअप-करारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

आपला डेटा सांभाळण्याचे आणि गरज पडेल तेव्हा तो परत उभा करण्याचे काम एखादी संस्था बाहेरच्या कंपनीला देते, तेव्हा दोघांत एक करार होतो. हे पुस्तक त्या कराराबद्दल आहे. कायद्याचे विद्यार्थी हा विषय संगणकाचा समजतात आणि संगणकवाले कायद्याचा. संस्थेत तो सहीपुरता टेबलावर येतो आणि मग कपाटात जातो. पण सर्व्हर बंद पडला, त्यातले काही उघडेना, अशा दिवशी काय परत मिळेल, किती वेळात, कोठे आणि कोणाच्या खर्चाने, या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणत्याही कागदात नसतात. वाचकाला या विषयात आणताना माझे सांगणे एकच आहे. बॅकअपच्या करारात प्रत काढण्याबद्दल पाने भरून मजकूर असतो आणि परतीबद्दल चार ओळी. वाचायच्या, भांडायच्या आणि बदलून घ्यायच्या त्या चार ओळी.

हा अभ्यास कोल्हापुरातून सुरू करण्याला कारण आहे. इथले अर्थकारण नोंदींवर चालते. नागरी बँका, पतसंस्था, गावोगावच्या दूध संस्था, साखर कारखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्री, गुळाची अडत, या सगळ्यांचे हिशेब आता सर्व्हरवर आहेत. आणि याच जिल्ह्यात पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत पाणी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेले होते. 2005 चा पूरही लोक विसरलेले नाहीत.

म्हणून नव्या वाचकाने कराराची सुरुवात सोडून आधी ‘फोर्स मेजर’चे कलम काढावे. युद्ध, दंगल, भूकंप, आग, पूर यांमुळे सेवा देता आली नाही तर कंपनी जबाबदार राहणार नाही, असा मजकूर तिथे सापडेल. बांधकामाच्या किंवा माल पुरवण्याच्या करारात हे कलम योग्यच आहे. बॅकअपच्या करारात मात्र ते कराराचा हेतूच काढून घेते, कारण पूर आणि आग यांसाठीच तर ही सेवा घेतलेली असते. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 56 खाली अशक्य झालेला करार संपतो. पण आपत्तीबद्दल करारात स्पष्ट तरतूद असेल तर प्रश्न कलम 56 चा राहत नाही, तो कलम 32 खाली त्या तरतुदीच्या शब्दांवर सुटतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये एनर्जी वॉचडॉग खटल्यात सांगितले आहे. म्हणजे न्यायालय तुमची अडचण मोजत बसणार नाही, तुम्ही सही केलेले शब्द वाचील. तेव्हा ‘पूर’ हा शब्द त्या यादीतून काढून घ्यावा. तेवढे जमत नसेल तर ग्राहकाच्या गावातला पूर ही सवलत नसून सेवा सुरू करण्याची सूचना मानली जाईल, असे लिहून घ्यावे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना पोहोचताच कंपनीने पर्यायी सर्व्हर तयार ठेवायचा, अशी अट घालता येते. ही पातळी सरकारी यंत्रणा मोजते आणि जाहीर करते, त्यामुळे तिच्यावर वाद होत नाही. दुसऱ्या शहरात छापलेल्या तयार मसुद्यात असे वाक्य येणे शक्य नाही. ते इथल्याच माणसाला सुचेल.

जागेचा प्रश्न याला लागूनच आहे. ‘प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली जाईल’ एवढ्यावर अनेकांचे समाधान होते. वेगळे म्हणजे किती वेगळे? कोल्हापुरातल्या सर्व्हरची प्रत इचलकरंजीत ठेवली तर तीही पंचगंगेच्याच काठी. सांगली कृष्णेवर आहे, पण पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते, आणि 2019 मध्ये दोन्ही शहरे एकाच आठवड्यात पाण्यात होती. म्हणून अंतर किलोमीटरमध्ये लिहून भागत नाही. नदीचे खोरे, वीजवाहिनी आणि रस्ता या तिन्हींनी जागा वेगळी हवी. रस्त्याचे विशेष सांगतो. दोन्ही महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग पाण्यामुळे बंद पडला होता. ‘आमचा अभियंता चार तासांत पोहोचेल’ या आश्वासनाला अशा वेळी अर्थ उरत नाही, म्हणून रिस्टोअरचे काम दुरून करता येईल अशी सोय करारातच मागावी.

जागेच्या शब्दांवर खटला कसा फिरतो याचे उदाहरण फ्रान्समध्ये घडले. 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबूर्ग येथील ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत जळून गेली. एका ग्राहकाने बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते, आणि प्रत मूळ यंत्रणेपासून भौतिकदृष्ट्या अलग राहील असे करारात होते. प्रत्यक्षात ती त्याच इमारतीत होती. 2023 मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने भरपाईवरची मर्यादा बाजूला ठेवून ग्राहकाला एक लाख युरोंहून अधिक रक्कम देवविली. ‘अलग’ हा एक शब्द करारात होता म्हणून हे झाले.

वेळेबद्दल दोन संज्ञा वारंवार येतील. आरपीओ म्हणजे शेवटच्या चांगल्या प्रतीपासून किती तासांच्या नोंदी गमावणे चालेल. आरटीओ म्हणजे काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला तर चालेल. तयार मसुद्यात दोन्हींसमोर वर्षभरासाठी एकच आकडा असतो, आणि आपल्या जिल्ह्यात तो बसत नाही. दूध सकाळ-संध्याकाळ संकलित होते. चोवीस तासांचा आरपीओ म्हणजे दोन वेळच्या फॅट-एसएनएफच्या नोंदी गेल्या आणि त्या पुन्हा मोजता येत नाहीत, कारण दूध पुढे गेलेले असते. साखर कारखान्याला जुलैमध्ये तीन दिवस सर्व्हर बंद राहिला तर सोसवेल. गाळप सुरू असताना ऊसतोडणीच्या याद्या, काट्यावरची वजने आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत द्यायचे एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या ऊसदराचे पैसे, सगळे त्यावर अवलंबून असते. म्हणून हंगामातला आकडा आणि बिगरहंगामातला आकडा असे दोन आकडे लिहावेत. माझ्या मते आपल्या भागातल्या करारांना करता येण्याजोगी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि तिला फारसा खर्च नाही.

आपली गरज करारात अशी लिहून ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे. करार कायद्याच्या कलम 73 खाली दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळत नाही. मिळते ती स्वाभाविकपणे होणाऱ्या नुकसानीची, किंवा करार करताना दोन्ही पक्षांना ठाऊक असलेल्या नुकसानीची. म्हणून दर दहा दिवसांनी दूध उत्पादकांची बिले निघतात, डेटा गेल्यास ती अडकतील, हे कराराच्या प्रास्ताविकात सरळ लिहून ठेवावे. पुढे कंपनीला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणता येणार नाही. भरपाईवर मात्र करारात बहुधा वेगळी मर्यादा असते, तीन किंवा बारा महिन्यांच्या शुल्काइतकी. तिच्यावर घासाघीस करण्यापूर्वी आपले एका दिवसाचे नुकसान किती, हे संस्थेने स्वतः मोजलेले असले पाहिजे.

चाचणीबद्दल थोडक्यात. जी प्रत कधी रिस्टोअर करून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये. वर्षातून किमान दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी, संस्थेच्या माणसासमोर पूर्ण रिस्टोअर करून दाखवण्याची आणि त्याचा सही केलेला अहवाल देण्याची अट हवी. बॅकअप यशस्वी झाल्याचा रोजचा ईमेल म्हणजे चाचणी नव्हे.

नोंद गेली की हक्क सिद्ध करण्याचे ओझे कोणावर पडते, हे महाराष्ट्राने 1852 च्या इनाम कमिशनच्या काळात पाहिले. सनदेचा कागद दाखवता आला नाही म्हणून अनेकांची इनामे खालसा झाली. आज बँकेच्या संगणकीय उताऱ्यासोबत 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम 2अ खाली प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात साठवणुकीची व सुरक्षिततेची व्यवस्था सांगावी लागते. साठवणूक दुसऱ्याच्या हातात असेल तर हे प्रमाणपत्र लिहायला लागणारी माहिती त्याने किती दिवसांत द्यायची, हेही करारात असावे.

आणि हा ‘दुसरा’ एकच असतो असे नाही. 31 जुलै 2024 रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर देशातली देयक-व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या व्यवस्थेपासून तात्पुरते अलग केले. देशभरातल्या सुमारे 300 लहान बँकांचे ग्राहक त्यात अडकले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. हल्ल्याची वाट कंपनीच्या सहयोगी पुरवठादाराच्या सर्व्हरमधून गेली, असे सायबर-सुरक्षेच्या अभ्यासकांनी मांडले. अशा पुरवठादाराशी बँकेचा थेट करार असतोच असे नाही. म्हणून उपकंत्राटदारांची नावे, त्यांच्यासाठी लेखी संमती आणि त्यांच्या चुकीची जबाबदारी मूळ कंपनीवर, ही कलमे लागतात. रिझर्व्ह बँकेने 10 एप्रिल 2023 रोजी आयटी सेवा बाहेर देण्याबाबत निर्देश काढले. उपकंत्राट, लेखापरीक्षण, करारातून बाहेर पडणे हे सगळे त्यांत होते, पण पहिल्या दोन स्तरांतल्या नागरी बँका त्यातून वगळल्या होत्या. देशातल्या बहुसंख्य नागरी बँका त्या दोन स्तरांतच मोडतात. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीच येत नाहीत. ज्यांना कायदेशीर सल्लागार परवडत नाही, त्यांनाच सर्वांत कमी मार्गदर्शन आहे. हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागे हेच मुख्य कारण आहे. सक्ती नसली तरी ते निर्देश नमुना म्हणून कोणीही वापरावेत. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने काम बाहेर दिले तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवली आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे.

सोडचिठ्ठीचे, म्हणजे करार संपवण्याचे, प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब आहे, कारण तिथे तंटे होतात. शुल्क थकले तर कंपनीने डेटा अडवून धरावा का? करार कायद्याचे कलम 170 ठेव सांभाळणाऱ्याला श्रम आणि कौशल्य खर्च केलेली वस्तू पैसे मिळेपर्यंत रोखू देते. पण ठेव वस्तूंची असते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2014 मध्ये युअर रिस्पॉन्स विरुद्ध डेटाटीम या खटल्यात इलेक्ट्रॉनिक डेटाबेसवर असा ताबाहक्क मान्य केला नाही. आपण या तर्कावर विसंबून राहू नये. ‘कोणत्याही थकबाकीसाठी डेटा, पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनची किल्ली अडवली जाणार नाही’ असे वाक्य लिहून घ्यावे. डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये परत मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि नंतर कंपनीकडची प्रत पुसल्याचा दाखला कोण देईल, हेही त्याच कलमात असावे.

शेवटच्या पानावर न्यायक्षेत्राची ओळ असते. तिथे बहुधा बंगळूर, हैदराबाद किंवा मुंबई लिहिलेले असते, आणि 2013 च्या स्वस्तिक गॅसेस निकालानंतर अशी ओळ सहज झटकता येत नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि जनतेने काही दशके लढा दिला. बॅकअपचे तंटे तिथपर्यंत पोहोचायचे असतील तर त्या ओळीत कोल्हापूर लिहिलेले असावे लागेल, आणि लवाद नेमायचा असेल तर त्याचे ठिकाणही कोल्हापूरच हवे. पुढची प्रकरणे याच ओळीपासून उलट क्रमाने, मागून पुढे, करार वाचत जातात. वाचकाने आपल्या संस्थेचा करार शेजारी उघडा ठेवून ती वाचावीत.