खानदेशातील अंगणबाग

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील घरांच्या अंगणात व कुंपणालगत शोभेसाठी लावलेल्या वनस्पतींचा समूह. पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांनाच अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा करण्यात आला. येथील अंगणात पाहुण्याची नजर प्रथम वेधून घेणाऱ्या वनस्पती बहुतांशी परदेशी मूळच्या आहेत. त्या येथे रुजल्या त्या केवळ हौसेमुळे नव्हे. ऊन, पाण्याची टंचाई व मोकाट जनावरे या तिन्हींपुढे त्या तग धरू शकल्या, हे त्याचे मुख्य कारण होय.

या प्रदेशात मे महिन्यात तपमान ४५° से. च्या आसपास जाते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपुरास मोगल अमदानीत, सु. १६१५ मध्ये, भूमिगत जलवाहिन्यांची योजना झाली. सामान्य घरास अशी सोय नव्हती. घरातील स्त्रियांनी डोक्यावरून आणलेल्या पाण्यातून झाडांच्या वाट्याला थोडेच येई. त्यामुळे मोरीच्या सांडपाण्यावर परसात केळ व अळू, तर दारी तुळस, कडुनिंब, जास्वंद, पारिजातक व कण्हेर एवढाच जुन्या बागेचा विस्तार असे.

यात बाहेरून आलेल्या वनस्पतींची भर पडली. मेक्सिको व मध्य अमेरिका हे मूलस्थान असलेला पांढरा चाफा इतका रुळला, की त्याची फुले देवपूजेत आली व तो परका आहे याचा विसर पडला. मादागास्करमधील गुलमोहराचे शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच शतकात तो भारतात पसरला. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. फ्रेंच दर्यावर्दी ल्वी आंत्वान द बूगँव्हील याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत (१७६६–६९) फीलीबेर कॉमेर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये रीओ दे जानेरो येथे तिचे नमुने गोळा केले. पुरुषवेषात त्याची मदतनीस म्हणून गेलेली झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री होय. भारतात ही वेल १८६० मध्ये कलकत्त्यास आली. मुंबई–कलकत्ता हा भुसावळ–जबलपूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला व खानदेश दोन्ही महानगरांशी जोडला गेला. बोगनवेल व चाफा छाट कलमांनी सहज वाढत असल्याने विकत न घेताही त्यांचा प्रसार शेजाऱ्यापाजाऱ्यांत होऊ शकतो.

बोगनवेलीचे रंगीत भाग पाकळ्या नसून छदे होत. खरी फुले लहान असून ती तीन-तीनच्या गुच्छांत येतात. पाणी मुबलक मिळाल्यास वेल पानांनी माजते. मुळाशी माती कोरडी पडू लागली की बहर येतो. म्हणजे इतर झाडांना मारक ठरणारी टंचाई तिला उपकारक ठरते. तिचे काटे, चाफ्याचा चीक व कण्हेरीचे विष यांमुळे शेळ्या या झाडांना सहसा तोंड लावीत नाहीत.

या वनस्पतींचा बहर खानदेशच्या लोकजीवनातील एका महत्त्वाच्या सणाशी जुळतो. अक्षय्य तृतीयेस येथे आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी या सणास माहेरी येतात व कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधून गाणी म्हणतात. शेते उघडी पडलेल्या या दिवसांत दारचा गुलमोहर व भिंतीवरची बोगनवेल यांचाच काय तो रंग दिसतो. झोक्याचा मान मात्र देशी कडुनिंबाकडेच राहिला आहे. गुलमोहराची फांदी ठिसूळ असल्याने ती झोक्यास उपयोगी नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाब्याच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे आली. अंगणे फरशीखाली गेली व झाडे कुंड्यांत, गच्चीवर चढली. विंधनविहिरी व नळ यांमुळे रोज पाणी मागणारी हिरवळ लावणे शक्य झाले. १९८० नंतर जळगाव हे ठिबक सिंचन उद्योगाचे केंद्र बनले आणि थेंबाथेंबाने पाणी देण्याची पद्धत शेतातून बागेत आली. तथापि रावेर व यावल या केळीच्या तालुक्यांत उपशामुळे भूजल खोल गेले आहे. अशा स्थितीत जुन्या अंगणातील वनस्पतींची निवड ही गरिबीची खूण नसून प्रदेशाच्या मर्यादा ओळखून केलेली निवड होती, हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते. नव्या वसाहतींतील हिरवळ पाण्याअभावी उन्हाळ्यात करपते, तेव्हाही कुंपणावरील बोगनवेल फुललेली आढळते.